हिरोळ नदीचा फाटा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रीतानं ग्रुपवर लिहिलं, "डोंगर खड्डे दिसतायत." तीनच शब्द. खाली माझं नाव नाही, कुणाचंच नाही. पण गेम करणाऱ्यांच्या त्या ग्रुपवर नकाशातले डोंगर करणारी मी एकटीच, त्यामुळे निरोप कुणाला आहे हा प्रश्न नव्हता. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होते, त्या मोजायच्या राहिल्या. लॅपटॉप उघडून पाहिलं तर मला डोंगर डोंगरच दिसत होते. चार दिवस मी त्यांच्याकडे बघत होते, ते डोंगर आहेत हे मला पाठ झालं होतं, आणि पाठ झालेली गोष्ट डोळा तपासत नाही. मग मान वळवून खिडकीतून बाहेर पाहिलं, समोरच्यांच्या कडुलिंबावरचे कावळे मोजले, आणि एकदम परत पडद्याकडे बघितलं. सगळी पूर्वेकडची रांग आत गेली होती. कणकेच्या गोळ्यात कुणी ओळीनं अंगठे दाबत जावेत तशी. आणि एकदा ते खड्डे दिसले की पुन्हा त्यांचे डोंगर होईनात. डाळीचा करपट वास आला तेव्हा मी उठले.

चूक माझीच होती, आणि ती मी फार प्रामाणिकपणे केली होती. नकाशात डोंगराला उठाव यायचा तर एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली द्यावी लागते. म्हणजे सूर्य कुठं ठेवायचा ते आधी ठरवायचं. मी गच्चीवर गेले होते. पौषातलं ऊन, पाण्याच्या टाकीची सावली उत्तरेकडे पडलेली. वाशीमला हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडून कलूनच जातो, त्यासाठी काही शिकावं लागत नाही, वाळवण घालणाऱ्या बाईला ते कळतंच. म्हणून मी सूर्य खाली, दक्षिणेला ठेवला. खरा होता तिथं. आता शोधलं तेव्हा कळलं की नकाशातला सूर्य नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा असतो, वायव्येला, जिथं तो आमच्याकडे भरदुपारी कधीच नसतो. कारण माणसाचा डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो. खालून उजेड दिला की उंचवटा त्याला खळगा वाटतो. सूर्य खोटा ठेवला तर डोंगर खरे दिसतात. यातून काही अर्थ काढायचा नाही असं मी स्वतःला बजावलं. या कामात अर्थ काढायला बसलं की रंग बिघडतात. मी सूर्य वायव्येला नेला, सावल्या फिरल्या, खड्डे वर आले. दहा वाजून पाच मिनिटांनी फाईल पाठवली. तिनं अंगठा पाठवला. दिवसभर पुरेल असा तो अंगठा मी जेवताना, भांडी घासताना, पुन्हा जेवताना पाहिला.

नकाशातला हा देश तसा जुना आहे. रीता नऊ वर्षांची असताना मेडशीच्या शेतात, सोयाबीन सोंगायला बाया लावल्या होत्या तेव्हा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून तिनं तो वहीत काढला. नाव ठेवलं खारवण. मोठी नदी हिरोळ. तिथं राजा नव्हता, कारण राजा कुठं बसवायचा ते तिचं ठरेना, आणि रस्ते नव्हते, कारण, ती म्हणाली होती, "आई, रस्ता काढला का लोकं येतात." पुढं ती वाशीमला कॉलेजात गेली, संगणक शिकली, आणि पुण्याच्या काही पोरापोरींबरोबर एक गेम करायला घेतला, त्यात खारवण घातला. तिनंच आपला जुना लॅपटॉप माझ्यापुढं ठेवून नकाशा करायचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यात टाकलं आणि जमीन वर उचलायची कशी, दाबायची कशी, एवढं दाखवलं. बाकीचं मी व्हिडिओ बघून शिकले. बोलणारे परदेशी असायचे. मी त्यांचे हात बघायची. दहावीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे शिकताना कुणाची परवानगी घ्यायची असते हेही ठाऊक नव्हतं. माझे यजमान रामकिसन कृषी केंद्रात मापात तोललेलं बी विकतात. ते जेवायला आले की मागे उभं राहून बघायचे. "हे कुठं हाय?" "कुठंच नाई." "मंग कायले एवढी मेहनत करून राह्यली?" आणि तरी उभेच राहायचे.

आता मात्र रीता फक्त चुका लिहिते. दोन वर्षं झाली. कुठं राहते माहीत नाही. फोन लावला तर उचलत नाही. त्या ग्रुपवरून तिनं मला काढलं नाही, ते एवढ्याचसाठी की नकाशा अर्धा झाला होता आणि बाकीच्यांना तो आवडला होता. म्हणून निरोप येतात. "हिरोळ मध्येच थांबते." "नदी खिंडीवर चढते." "तळ्यातून दोन नद्या निघतात, एकच निघायला हवी." तिची मराठी आता पुस्तकी झाली आहे, किंवा माझ्यापुरतीच झाली आहे. प्रत्येक निरोपाला मी कामाचं उत्तर देते. जेवलीस का, असं एकदा लिहिलं होतं, त्याला काहीच आलं नाही; पाच दिवस नदीसुद्धा आली नाही. तेव्हापासून नाही.

नद्यांचं असं आहे की त्या काढायच्या नसतात. मी आधी निळी रेघ ओढायची, साडीच्या काठासारखी नागमोडी, आणि मग कळायचं की ती रेघ टेकडीवरून चढून पलीकडे उतरते आहे. मी सारख्या उंचीच्या रेषा घालून बघायला शिकले. प्रत्येक रेषा नदीनं उतरतानाच ओलांडली पाहिजे, एकदाही वर जाता कामा नये. हिरोळ मध्येच थांबत होती, कारण वाटेत एक खळगा होता, चार ठिपक्यांएवढा, डोळ्याला न दिसणारा. पाणी तिथं पोचायचं आणि बसायचं. त्याला दोन उपाय. खळगा भरून टाकायचा, की पाणी त्यावरून सरळ निघून जातं. नाहीतर पुढची कड कोरून वाट करून द्यायची. भरणं सोपं. पण भरलं की तिथं सपाट होतं, आणि सपाटीवर नदीला कुठं जावं ते कळत नाही, ती जाळ्यासारखी पसरते. म्हणून मी कोरत बसले, एकेक ठिपका. आणि नद्या येऊन मिळतात, खाली जाता जाता फुटत नाहीत. फुटल्या तर समुद्राच्या तोंडाशी. हे कळल्यावर मी घरातल्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा चष्मा लावून पाहिला. आमच्या मेडशीकडचं पाणी काटेपूर्णेला जातं, ती उत्तरेला उतरते, पूर्णेला, तापीला, आणि मावळतीच्या समुद्रात. रिठदकडचं पाणी पैनगंगेला जातं आणि थेट उगवतीच्या समुद्रात. मधला उंचवटा एवढासा, की बसमध्ये डुलकी लागली तर कधी ओलांडला कळत नाही. रिठदलाच तर रीताला दिलं होतं.

दिलं होतं म्हणजे काय ते मी कुणाला सांगत नाही, पण हात रिकामे असले की ते आपोआप येतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मुलगा रिठदचा, घरची शेती, बोअरला पाणी. रीता साक्षगंधाच्या साडीत बसली, हसली, फोटो काढू दिले, आणि अकराव्या दिवशी पुण्याला निघून गेली, मैत्रिणीच्या, वर्षाराणीच्या खोलीवर. पत्ता तिनं मला एकटीला दिला. एकदा तिकडे जाऊन आले होते मी तिच्याबरोबर, नोकरीच्या मुलाखतीला गेली होती तेव्हा, म्हणून गल्ली माहीत होती. घरात जे व्हायचं ते झालं. मग एका दुपारी माझे भासरे आले, उकंडराव, मेडशीहून. रामकिसनचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत. चोवीस वर्षं ते माझ्याशी बोलले ते भिंतीमार्फत. "रामकिसन, पाणी सांग." "रामकिसन, भाजीत मीठ कमी हाय म्हणा." मी पदर घेऊन दाराआड. त्या दिवशी रामकिसन दुकानात होते, घरात भिंतीशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ज्योत्स्नाबाई," म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. "तुमच्यासारखी नजर आमच्या घरात कोणाले नाई. तुमी नकाशे करता म्हणे. मी काय पोरीचा वैरी हाय काय? समजावतो, दोन घास सोबत खातो, येतो. पण त्या पुण्यात मले गल्ली सापडन काय, सांगा?"

आणि मी काढून दिला. लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीनं. मला आठवतं ते हे की मी तो चांगला काढला. नुसत्या रेघा काढून भागलं असतं. मी स्टँडपासून सुरू केलं, उड्डाणपूल दाखवला, पिठाची गिरणी, पिंपळ, निळं गेट असलेली पाण्याची टाकी, तिथून डावीकडे तिसरं घर, बाहेरून लोखंडी जिना. टाकीला सावलीसुद्धा दिली, उठून दिसावी म्हणून. चोवीस वर्षांत त्या माणसानं पहिल्यांदा माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं होतं आणि मला वाटलं, बघू दे, बाईला काय येतं ते. ते म्हणाले, "वा." त्या एका "वा"साठी. तिसऱ्या दिवशी पहाटे ते आणखी तिघांना घेऊन जीपनं गेले, लोखंडी जिना चढले, तिला घेऊन आले, आणि आठव्या दिवशी लग्न झालं. मांडवात रीतानं मला एकच विचारलं, अगदी हळू, हळद लावत असताना: "टाकीचं गेट निळं हाय, हे त्याइले कोणं सांगतलं?" मी हळद लावत राहिले. रिठदला ती एकोणीस दिवस राहिली. विसाव्या दिवशी नव्हती. या खेपेला तिनं कुणालाच पत्ता दिला नाही. लग्न मोडल्याचा कागद वकिलामार्फत आला, त्यावरही पत्ता वकिलाचा.

तर हिरोळ. डोंगर सरळ झाल्यावर नकाशात तसं काही उरलं नव्हतं, आणि तेच मला खुपायला लागलं. एकदा नकाशा झाला की ग्रुपवर माझं काम काय? शेवटचा निरोप येईल, शेवटचा अंगठा येईल, आणि त्यानंतर माझ्या मुलीला मला लिहायला या जगात एकही कारण राहणार नाही. मंगळवारी मी पाठवलेली हिरोळ अगदी बरोबर होती. उगमापासून समुद्रापर्यंत एकही रेषा ती चढत नव्हती. बुधवारी सकाळी मी ती पुन्हा उघडली, आणि मधल्या सपाटीवर, जिथं कुणाचं सहज लक्ष जाणार नाही, तिथं तिला एक फाटा काढला. कोरलेली कड थोडी बुजवली. पाणी आपलं आपण दोन्हीकडे गेलं. सगळी नदी नीट करायला तीन आठवडे लागले होते, बिघडवायला एक मिनिट. फाईल पाठवली. दोन तासांनी आलं, "हिरोळ मैदानात फुटते आहे." मी लिहिलं, "बघते." गुरुवारी तो फाटा काढून जरा खाली दुसरा ठेवला. "अजून फुटते." "बघते." शुक्रवारी, शनिवारी. एवढं बोलणं आमचं दोन वर्षांत झालं नव्हतं. रामकिसननी विचारलं, "आज काय म्हणे?" "फुटते म्हणे." "मंग बुजव ना." "बुजवते."

सोमवारी दुपारी उकंडराव आले. बाजाराला आले होते, पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा. रामकिसन जेवायला घरी होते. आताशा भासरे माझ्याशी सरळ बोलतात. त्या पाकिटानंतर भिंतीची गरज संपली असावी. चहा ठेवेस्तोवर ते लॅपटॉपपुढच्या खुर्चीत बसले, धोतराचा सोगा सावरून, आणि पडद्याकडे बघत राहिले.

"हे कोणती नदी होय वो? वर्धा काय?"

"नाई. खोटी हाय. खेळातली."

"खोटी हाय, तरीच मी म्हणतो." ते आणखी पुढं वाकले. "इथं पायजा, हे दोन ठिकाणी चालली. मधात भुई एकसारखी दिसून राह्यली. असं पाणी जात नाई बाई. मी चाळीस वर्षं वावरात पाणी फिरवलं, त्याले एक बाजू सापडली का दुसरीकडं ढुंकून पायत नाई."

"बिघडली हाय जराशी," मी म्हटलं.

"पोरीचं काई?" त्यांनी पडद्याकडे बघतच विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येक खेपेला विचारतात. "मी म्हणतो, झालं ते झालं. मले काई आता तिले आणाचं नाई. पण घरची पोर कुठं हाय हेच माहीत नसन तं लोकं काय म्हणतीन?"

तेवढ्यात फोन वाजला. तिचं नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा, त्या छोट्या काचेवर, तिचा अकरावीतला फोटो. मी तो पदराखाली धरून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिले.

"आई."

"बोल."

"हिरोळचा फाटा तू मुद्दाम ठेवून राह्यली." तिचं पुस्तकी बोलणं पहिल्याच वाक्यात गळून पडलं होतं. "मी जुन्या फायली लावून पायल्या. मंगळवारी नीट होती. बुधवारी तू बिघडवली. मंग रोज नवीन जागी."

चहा वर आला होता. मी गॅस बारीक केला.

"हो," म्हटलं.

"काहून?"

"तू लिहितेस म्हणून."

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. लहानपणी ताप आला की असाच लागायचा, नाकातून शिट्टी वाजल्यासारखा. मग ती म्हणाली, "फाटा मी काढून टाकला. आता नकाशा झाला. उद्या ग्रुप बंद होईन."

"रीता, कुठं राह्यतं बाई तू?"

"नको विचारू."

"मी कोणाले..."

"सांगशील तू. मी रागानं नाई म्हणत, आई. राग होता, आता नाई. पण तू सांगशीलच. कोणी तुझ्याशी नीट बोललं, तुले चांगलं म्हटलं, का तू सांगतं. तुले समजतबी नाई. म्हणून तुले माहीत नसलेलंच बरं हाय."

ती हे बोलत होती तेव्हाच तिच्या खिडकीखालून कचऱ्याची गाडी गेली. गाडीवरचा भोंगा, बाईचा ध्वनिमुद्रित आवाज, ओला कचरा, सुका कचरा, आणि त्याआधी, अगदी स्पष्ट, गावाचं नाव आणि पुढं नगरपरिषद. रीता बोलतच होती. रोज ऐकणाऱ्याला ते ऐकू येत नाही. मला आलं. दोनदा आलं, गाडी हळू चालली होती.

"तब्येतीले जप," ती म्हणाली. "ठेवते."

मी चहा गाळला. तीन कप. एक थोडा सांडला, तो मी माझ्याकडे ठेवला. बाहेर आले तर दोघेही माझ्याकडे बघत होते, आणि उकंडरावांनी तोंडानं काही विचारायच्या आधी हातानं खुर्ची सरकवली, मला बसायला. चोवीस अधिक दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तिचाच होता न?"

"हो."

"बसा. काय म्हणे?"

"नदी बरोबर झाली म्हणे."

"बरी हाय ना? आवाजावरून?" त्यांचे डोळे खरोखर भरले होते. वाईट माणूस असता तर किती सोपं गेलं असतं. "ज्योत्स्नाबाई, मी तुमाले खरं सांगतो, तिची आठवण सगळ्यात जास्त मले येते. खांद्यावर घेऊन फिरवलं मी तिले. तुमी हुशार, तुमाले अदमास आला असन. कुठून बोलून राह्यली होती?"

गावाचं नाव माझ्या जिभेवर होतं. खोटं कशाला सांगू, ते बाहेर यायला निघालंच होतं. त्या माणसानं मला खुर्ची दिली होती, हुशार म्हटलं होतं, आणि माझं तोंड उघडलंसुद्धा. रीता बरोबर होती. ती माझ्याबद्दल अगदी बरोबर होती, आणि ते कळायला मला तिच्या बोलण्यानंतर चार मिनिटंही लागली नव्हती. मी चहाचा घोट घेतला; जीभ पोळली; बरं झालं.

"आवाज येत नव्हता," मी म्हटलं. "रेंज नव्हती. अर्धं ऐकू आलं, अर्धं नाई."

उकंडरावांनी बशी पुढं ओढली. मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "रामकिसन, शेंगा उकडून घ्या म्हणा. निबर होतीन."

ते गेल्यावर रामकिसन दुकानात जायला उठले नाहीत. चपला घालून दारात उभे राहिले, मग काढून परत आत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले तरी सांग. मी काई जाणार नाई. फक्त माहीत असावं बापाले." तो माणूस कधी कुणावर ओरडला नाही, कुणाला अडवलंही नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं भावाला सांगायला किती दिवस लावले असते ते मी मनात मोजलं. फार तर पोळ्यापर्यंत.

"खरंच नाई ऐकू आलं वो," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला नाही आणि पुन्हा विचारलंही नाही. आता ते दोन्ही आमच्या घरात राहणार.

दुसऱ्या दिवशी ग्रुप बंद झाला. शेवटचा निरोप सगळ्यांना मिळून एकच होता, आभाराचा. त्यात नकाशाचं चित्र होतं, आणि हिरोळ एकाच रेघेत समुद्राला जाऊन मिळत होती. मी ते मोठं करून पाहिलं, तिनं फाटा जिथून काढला होता ती जागा शोधली. हात सफाईचा होता. शिवणसुद्धा दिसत नव्हती. त्या गावाचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहिलेलं नाही. घरी एकटी असले तरी उच्चारत नाही. जिल्ह्याच्या, राज्याच्या नकाशात तिकडे बघत नाही. त्या बाजूच्या बातम्या लागल्या की उठून जाते. एकदा तरी मी सांगितलं नाही, हे तिला कळावं एवढंच वाटतं. पण ते कळवायचं तर मला माहीत आहे हे आधी सांगावं लागेल, आणि मग ती तिथूनही निघून जाईल.